जमिनीची साक्ष



मागे एका कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही विट्याला गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळचा होता, म्हणून दुपारी वस्तीतल्या एका घरी चहाला बसलो. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग धडधडत होते. घरातल्या आजी सुपात तांदूळ निवडत होत्या. एवढ्यात पायाखालची जमीन क्षणभर थरथरली, मांडणीवरची ताटे किणकिणली आणि मागाहून लांबून एक दबका आवाज आला. आमच्यातला एकजण दचकून उभा राहिला. आजींनी मात्र सुपातून मान वर केली नाही.

"घाबरू नगा. हिरीवर बार उडिवला. धा-बारा तोटं असत्याल. अन् खाली काळा दगुड लागलाय."

"आजी, हे तुम्हाला इथे बसून कसे कळले?"

"कसं म्हंजी? मुरमातला बार नुसता भद्द करतो, अंगाला लागत न्हाई. काळ्या दगडातला टाचंतनं वर चढतो. आदी टाचंला कळतं, मग कानाला. बाहत्तरच्या दुष्काळापास्नं हिरीवर अन् खडीवर जल्म गेला माजा."

मग त्यांनी आम्हाला मागच्या भिंतीपाशी नेले. कोपऱ्यातून खाली उतरलेला एक तडा दाखवला. हा विहिरीच्या बाराचा नव्हे, लांबच्या एका दगडखाणीच्या बारांचा, असे त्यांचे म्हणणे. "तितल्या सायबाला सांगितलं तर म्हनतो, म्हातारे, तुजं घरच जुनं हाय. आता कुनाला साक्षीला बोलवू?"

आजींचा हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. परत आल्यावर आम्ही पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले आणि थक्क झालो. विट्याच्या आजी टाचेने जे करतात, तेच जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ यंत्राने करतात. कुठल्या देशाने जमिनीच्या पोटात केवढा अणुबॉम्ब उडवला हे ते हजारो किलोमीटरांवरून, जमिनीच्या थरथरीवरून सांगतात. आणि "खाली काळा दगड आहे की मुरूम" या एका मुद्द्यावर दोन महासत्तांचे वर्षानुवर्षे भांडण चालले होते!

धक्का आणि हेलकावा

आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला जमिनीची थरथर शिकवावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७. महापरिनिर्वाण दिन होऊन पाचच दिवस झाले होते. पहाटे साडेचार वाजण्याच्या सुमारास कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशे ते दोनशे माणसे मेली, हजारो बेघर झाली. कोयनानगर ते विटा हे सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. तरी विटा, कराडकडची जाणती माणसे ती पहाट आजही सांगतात : आधी एक धक्का बसला, आणि मग घर हेलकावे खाऊ लागले.

त्यांचे सांगणे अगदी शास्त्राला धरून आहे. जमिनीत धक्का बसला की दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली दाबाची लाट. मालगाडीला इंजिनाने धडक दिली की एक डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला ढकलतो आणि शेवटच्या डब्यापर्यंत धक्का पोचतो, तशी ती चालते. कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. दुसरी लाट हेलकाव्याची. दोरीचे एक टोक धरून झटका दिला की दोरीत नागमोड पळते, तशी. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कोयनेहून विट्याला पहिली लाट चौदा सेकंदांत आली, दुसरीला चोवीस सेकंद लागले. मधले अंतर दहा सेकंदांचे. या अंतराला आठने गुणा, धक्क्याचे ठिकाण किती किलोमीटरवर आहे ते ढोबळमानाने निघते. तीन ठिकाणांहून असा हिशेब केला की नेमकी जागा सापडते.

हवेतला आवाज मात्र सेकंदाला जेमतेम ३४० मीटर चालतो. म्हणून आजी म्हणतात, आधी टाचेला कळते, मग कानाला.

भूकंप की स्फोट?

आता कोणी विचारील, थरथर ती थरथर. ती भूकंपाची की बॉम्बची हे कसे ओळखायचे? हेही अवघड नाही. भूकंपात जमिनीतली एक बाजू दुसऱ्या बाजूवरून सरकते. त्यामुळे काही दिशांना पहिला धक्का ढकलणारा असतो, तर काही दिशांना ओढणारा. स्फोट मात्र फुगा फुगावा तसा चहूबाजूंनी बाहेर ढकलतो. म्हणून सगळीकडच्या यंत्रांवर पहिली रेघ एकाच बाजूला, ढकलण्याची उठते. शिवाय स्फोटात दाबाची लाट जोरकस असते आणि हेलकाव्याच्या लाटा त्या मानाने दुबळ्या. खोलीही सांगून जाते. कोयनेचे भूकंप कित्येक किलोमीटर खोल होतात; बॉम्ब पुरायला माणूस इतका खोल जात नाही.

या विद्येची गरज का पडली? १९५० च्या दशकात अमेरिका, रशिया आणि इंग्लंड हे देश उघड्या हवेत बॉम्ब उडवत होते. त्याची विषारी राख वाऱ्याने दूरवर जाई, गवतावर पडे, गाईच्या दुधात येई आणि दुधातून लेकरांच्या हाडांत बसे. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात १९५८ पासून आयांनी एक अजब काम केले. मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी तपासणीसाठी जमा करून दिले. असे तीन लाखांच्या आसपास दात गोळा झाले. बॉम्बच्या राखेतले स्ट्रॉन्शियम नावाचे द्रव्य त्या इवल्याशा दातांत सापडले. साध्या घरच्या बायकांनी दिलेला हा पुरावा कोणालाही खोडता आला नाही. १९६३ साली हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुस्फोट न करण्याचा करार झाला.

मग स्फोट जमिनीच्या पोटात गेले. पूर्णपणे जमिनीखाली कोंडलेला पहिला अणुस्फोट अमेरिकेने १९ सप्टेंबर १९५७ रोजी नेवाडाच्या वाळवंटात आधीच करून पाहिला होता. राख बाहेर आली नाही, धूर दिसला नाही. मग जगाला कळणार कसे? फक्त जमिनीच्या थरथरीने. तेव्हापासून देशोदेशी भूकंपमापक यंत्रांची जाळी उभी राहिली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुशक्ती संस्थेने इंग्लंडच्या मदतीने १९६५ साली कर्नाटकात गौरीबिदनूर येथे असे केंद्र उभारले. तिथे दोन लांब ओळींत यंत्रे पुरलेली आहेत, म्हणजे लाट कोणत्या दिशेने आली तेही समजते.

आकडा आणि दगड

आता मुख्य गोष्ट. थरथरीवरून बॉम्ब केवढा हे कसे काढतात?

बॉम्बचे माप किलोटनात सांगतात. एक किलोटन म्हणजे एक हजार टन टीएनटी या स्फोटक दारूएवढी ताकद. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी टाकलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. थरथरीचे माप मात्र रिश्टरच्या धर्तीच्या आकड्यात सांगतात. हा आकडा साध्या हिशेबाचा नाही. ४ चा ५ झाला म्हणजे जमीन थोडी जास्त हलली असे नव्हे. ती दहापट जास्त हलली.

जगभरच्या स्फोटांचा ताळा करून शास्त्रज्ञांनी एक ठोकताळा काढला. बॉम्ब दहापट मोठा झाला की आकडा सुमारे पाऊणने वाढतो. जुन्या, कठीण, अखंड खडकात एक किलोटनचा आकडा साडेचारच्या जरा आत येतो, दहा किलोटनांचा ५.२, आणि शंभर किलोटनांचा सहाच्या जवळ.

यात एक मोठी खोच आहे. आकड्यात अगदी थोडी चूक झाली तरी बॉम्बच्या मापात मोठी चूक होते. आकडा ०.२ ने चुकला तर बॉम्ब जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा दिसतो. ०.४ ने चुकला तर तिपटीहून जास्त फरक पडतो. म्हणून एका यंत्रावर कोणी विसंबत नाही; पुष्कळ केंद्रांची सरासरी घेतात.

दुसरी खोच आजींनी सांगितली तीच, दगडाची. बार कशात उडाला आणि लाट कशातून आली, यावर सगळे अवलंबून. माती-चिखलाने ठासून बुजवलेला तोटा खडक फोडतो, उघड्यावर पेटवलेला नुसता आवाज करतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉन देशातल्या बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा भयंकर स्फोट झाला, अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. पण तो उघड्यावर होता; ताकद हवेत गेली. जमिनीच्या यंत्रांवर आकडा आला फक्त ३.३. तोच कठीण खडकात कोंडला असता तर आकडा कितीतरी मोठा आला असता.

याच दगडापायी महासत्तांचे भांडण झाले. १५० किलोटनांपेक्षा मोठा बॉम्ब जमिनीखालीही उडवायचा नाही, असा करार अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी १९७४ साली केला. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेने आरोप केला की रशिया करार मोडतो आहे, त्यांच्या बॉम्बचे आकडे फार मोठे येतात. अमेरिकेतल्याच पुष्कळ भूकंपतज्ज्ञांनी सरकारला सांगितले की बाबांनो, तुमचे गणित चुकते आहे. नेवाडाच्या खाली जमिनीचे पोट गरम आहे, ते लाटा गिळून टाकते. तिथला मोठा बॉम्बही लहान आकडा देतो. रशियाचे सेमिपालातिन्स्क हे चाचणीचे ठिकाण (आता ते कझाकस्तानात आहे) जुन्या, थंड, टणक खडकावर आहे. तिथून लाट दमदार येते. नेवाडाच्या मापाने सेमिपालातिन्स्क मोजले तर बॉम्ब तिप्पट-चौपट मोठा दिसणारच!

वाद तोंडाने मिटला नाही, मोजून मिटला. १९८६ साली अमेरिकेचे काही शास्त्रज्ञ रशियाच्या विज्ञान अकादमीशी बोलून थेट सोव्हिएत भूमीवर, चाचणीच्या ठिकाणाच्या जवळपास यंत्रे बसवून आले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये नेवाडात आणि सप्टेंबरमध्ये सेमिपालातिन्स्कला दोन्ही देशांनी एकमेकांच्या शास्त्रज्ञांसमोर एकेक बॉम्ब उडवून दाखवला. शेजारच्या भोकात तार सोडून ती किती वेगाने चिरडली जाते यावरून माप काढले, आणि ते थरथरीच्या मापाशी ताडून पाहिले. दगडाचा फरक धरला की हिशेब जुळतो, हे दोघांनी पाहिले. १९९० साली तो करार लागू झाला. एकमेकांना खोटारडे म्हणणाऱ्या दोन बलाढ्य सरकारांना आजींची "काळा दगड की मुरूम" ही गोष्ट समजायला दीड दशक लागले!

पोखरणचा हिशेब

आता आपल्या देशाकडे येऊ. १८ मे १९७४ रोजी सकाळी राजस्थानात पोखरण येथे भारताने जमिनीखाली १०७ मीटर खोल पहिला अणुस्फोट केला. सरकारी माप १२ ते १३ किलोटन सांगितले गेले. बाहेरच्या काही तज्ज्ञांनी थरथरीवरून ते त्याहून कमी धरले.

पुढे ११ मे १९९८ रोजी दुपारी पावणेचार वाजता पोखरणला एकाच वेळी तीन स्फोट झाले आणि १३ मे रोजी आणखी दोन. ११ तारखेचा सर्वांत मोठा बॉम्ब हायड्रोजन बॉम्बच्या जातीचा, ४५ किलोटनांचा, दुसरा १५ किलोटनांचा आणि तिसरा अगदी लहान, असे जाहीर झाले. म्हणजे एकूण ६० किलोटनांच्या घरात. पण जगातल्या केंद्रांनी आकडा सांगितला ५.० ते ५.२. वरच्या कोष्टकात बसवा : कठीण खडकात ५.२ म्हणजे दहा किलोटनांच्या आसपास. परदेशी शास्त्रज्ञांनी म्हटले, एकूण ताकद १० ते २० किलोटनच असावी.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले. दोन मोठे स्फोट सुमारे एक किलोमीटर अंतरावर आणि एकाच क्षणी झाले. तळ्यात दोन दगड एकदम टाकले की कुठे लाटेवर लाट चढते, कुठे लाट लाटेला मारते. तसेच इथे झाले. म्हणून काही दिशांच्या केंद्रांवर आकडा कमी आला. सगळ्या दिशांची सरासरी काढली तर तो ५.४ येतो, आणि पोखरणचा खडक लक्षात घेतला तर एकूण माप जाहीर केल्याएवढेच भरते. जमिनीत पुन्हा भोक पाडून काढलेल्या नमुन्यांची किरणोत्सारी तपासणीही याला दुजोरा देते, असे त्यांनी सांगितले.

ऑगस्ट २००९ मध्ये, १९९८ च्या चाचण्यांत संरक्षण संशोधन संस्थेच्या बाजूने काम केलेले के. संथानम यांनी उघडपणे म्हटले की हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका उडालाच नव्हता. त्यांना आर. चिदंबरम आणि आपले मराठी शास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांनी ठाम उत्तर दिले की ४५ किलोटन हेच माप बरोबर आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. १३ मे १९९८ च्या दोन लहान स्फोटांचा ठसा तर बाहेरच्या केंद्रांना मिळालाच नाही.

आम्ही इथे बॉम्बची तरफदारी करायला किंवा शास्त्रज्ञांना नावे ठेवायला बसलेलो नाही. आम्हाला यातून एवढेच दाखवायचे आहे की सरकार कोणाचेही असो, त्याने सांगितलेला आकडा तपासता येतो. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिला स्फोट केला तेव्हा आकडा सव्वाचारच्या आसपास आला. जगाने लगेच ओळखले की हा एक किलोटनाच्याही आत आहे. ३ सप्टेंबर २०१७ रोजी आकडा सहाच्या वर गेला, तेव्हा कोणी जाहीर करण्याची वाट पाहावी लागली नाही. अणुचाचण्या सर्वस्वी बंद करण्याचा करार १९९६ साली मांडला गेला. भारताने त्यावर सही केलेली नाही. पण त्या करारासाठी जगभर १७० भूकंपकेंद्रांचे जाळे ठरवले गेले आणि ते कानोसा घेत असते.

आणि स्फोटाचा हिशेब किलोटनात मांडला तरी तो सोसतो कोण? पोखरणजवळच्या खेतोलाई गावातल्या घरांना १९९८ साली तडे गेल्याचे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले होते. राजधानीत पेढे वाटले गेले, तडे मात्र गावकऱ्यांच्या भिंतींना गेले.

बुद्धाचे नाव कशाला?

आपल्या मनाला लागणारी आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. १९७४ चा स्फोट यशस्वी झाल्यावर "बुद्ध हसला" असा सांकेतिक निरोप दिल्लीला गेला, असे सांगितले जाते. त्या स्फोटाला बुद्धाचे नाव चिकटले ते कायमचे. १९९८ च्या स्फोटांचा दिवस तर बुद्धपौर्णिमेचाच होता. ज्याने वैराने वैर शमत नाही हे सांगितले, त्याच्या जयंतीदिनी जमिनीच्या पोटात बॉम्ब फुटला. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या दिवशी पंचशीलाचा ध्वज लावला होता, खीर शिजली होती. संध्याकाळी बातमी आली तेव्हा त्या घरांना काय वाटले असेल, याचा विचार कोणी केला?

१९७४ चा स्फोटही बुद्धपौर्णिमेलाच झाला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. पंचांग काढून पाहा. १९७४ साली वैशाख पौर्णिमा ६ मे रोजी होती. १८ मे रोजी आकाशात पौर्णिमेचा नव्हे, अमावास्येकडे झुकलेला चंद्र होता. छापलेले आहे, मोठी माणसे बोलतात, सगळे म्हणतात. तरी ते खरे नाही.

कालामांना तथागतांनी हेच तर सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना खुद्द बुद्धवचनालाही हीच कसोटी लावली : जे बुद्धीला आणि तर्काला पटते तेच बुद्धाचे. बौद्ध परंपरेत यासाठी सोन्याची उपमा आहे. सोनार सोने तापवून, कापून, कसावर घासून घेतो, तसे माझे म्हणणे पारखून घ्या. विट्याच्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. मुशीत सोने गाळल्याशिवाय ते कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत!

आपल्या घरोघरी भिंतीवर भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध असतो. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली. माराने विचारले, तुझा साक्षीदार कोण? सिद्धार्थाने जमिनीला स्पर्श केला. आपण ही कथा चमत्कार म्हणून घेत नाही. पण जमिनीला साक्षीदार मानणे हे किती खोल आहे, ते या विद्येचा अभ्यास करताना आम्हाला उमगले.

आजींच्या भिंतीचा तडा

आता आजींचा प्रश्न. कुणाला साक्षीला बोलवू?

आजी, जमिनीला. जे शास्त्र बॉम्ब मोजते तेच खाणीतला बार मोजते. खाणींत स्फोट करताना शेजारच्या घरांना किती कंप पोचू द्यायचा, याची मर्यादा खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ साली घालून दिली आहे. खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरापाशी, मंद कंपन असेल तर जमीन सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने हलता कामा नये. जलद कंपन असेल तर ही मर्यादा १० ते १५ मिलिमीटर. हे मोजायचे पेटीएवढे यंत्र असते. ते घराच्या पायथ्याशी ठेवतात आणि बार उडाला की आकडा कागदावर येतो.

हिशेबाचे मुख्य सूत्रही सोपे आहे. एका क्षणी किती दारू उडते आणि घर किती लांब आहे, यावर कंप ठरतो. अंतर दुप्पट असेल तर चौपट दारूला तेवढाच कंप येतो. म्हणून जाणता बारवाला सगळी भोके एकदम उडवत नाही. सेकंदाच्या काही हजारांश भागाच्या अंतराने एकामागून एक उडवतो. दगड तेवढाच निघतो, शेजाऱ्याची भिंत वाचते. घाई आणि काटकसर आडवी येते तिथे तडे जातात.

ज्यांच्या घराजवळ खाण किंवा क्रशर आहे अशा बांधवांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. एक वही ठेवावी. बार उडाला की तारीख, वेळ, आणि घरात काय हलले (ताटे वाजली, पाणी हिंदकळले, प्लॅस्टर पडले) हे लिहावे. शिकणाऱ्या मुला-मुलींकडे हे काम द्यावे.

२. तड्यावर आडवी, पातळ काचेची लहान पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवावी आणि शेजारी तारीख लिहावी. तडा वाढला की काच फुटते. तडा जुना की वाढता, हा वाद त्याने संपतो. पट्टीचा फोटो काढून ठेवावा.

३. चार-सहा घरांनी मिळून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. "खाण बंद करा" एवढेच न लिहिता "आमच्या घरापाशी कंपन मोजावे" अशी स्पष्ट मागणी करावी. अर्जाची पोच घ्यावी.

४. नवे घर बांधताना जाड दगड-मातीच्या भिंतींवर जड छत टाकू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच दगावली, ती मुख्यतः अशाच भिंतींखाली. पायाशी, खिडकी-दारांच्या वर आणि छताखाली सळईचा काँक्रीटचा पट्टा घेतला तर घर एकसंध हलते, चटकन ढासळत नाही. खर्च थोडा वाढतो, जीव वाचतो.

मुलांसाठी घरचा प्रयोग

स्टीलच्या ताटात पाणी भरून ते फरशीवर ठेवा. दोन हात लांब एक दगड गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाका आणि पाण्यावरची थरथर पाहा. आता दुप्पट उंचीवरून टाका. मग दगड तेवढ्याच उंचीवरून वाळूने भरलेल्या घमेल्यात टाका. दगड तोच, उंची तीच, पण पाणी कमी हलते. शेवटी एकाने ताटाकडे तोंड करून आणि दगडाकडे पाठ करून बसावे, दुसऱ्याने दगड टाकावा. पहिल्याने पाणी पाहून सांगावे की दगड किती उंचीवरून आणि कशावर पडला. पाच-सहा वेळा करून किती बरोबर आले ते मांडा. शास्त्रज्ञ हेच करतात; फक्त त्यांचे ताट मोठे असते. खडकाच्या पोटात काय चालले आहे हे पाहायला कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची भूभौतिक प्रयोगशाळा आहे. कोयना भागात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पाडून तिथला खडक तपासला गेला. आपल्या मुलामुलींनी या विद्येत शिरावे. "शिका" हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे, आणि दगड फोडणाऱ्यांच्या लेकरांना दगडाचे ज्ञान परके नाही.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा विट्याला गेलो. जे समजले ते आजींना सांगितले. रशिया-अमेरिकेची गोष्ट ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "येवडी शिकल्याली मानसं, अन् दगुड कंचा ते न्हाई बघितलं?" मग त्यांनी नातीला काचवाल्याकडे पाठवले. तड्यावर दोन ठिकाणी काचेच्या पट्ट्या बसवल्या. आजींना लिहिता येत नाही, म्हणून नातीने खडूने तारीख घातली. शेजारच्या तीन घरांनीही आपापल्या भिंती दाखवायला आम्हाला बोलावले. अर्जाचा मसुदा त्याच रात्री, समाजमंदिराच्या पायरीवर बसून लिहिला गेला. सह्या आठ झाल्या आणि अंगठा एक. तो आजींचा.

जय भीम! नमो बुद्धाय!